वस्तरा ओढतोय: दोष हातात, पट्ट्यात की धारेत?

पहिली दाढी सुरेख होते. दुसरीही. तिसरीला हनुवटीजवळ थोडी ओढ लागते, पाचवीला डोळ्यांत पाणी येतं आणि सहावीच्या वेळी हात आपसूक साध्या रेझरकडे वळतो. उघड्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला एकट्याने शिकलेल्या ज्या ज्या माणसाशी मी बोललो, त्यातल्या बहुतेकांची तक्रार हीच होती. माझी तर तीनदा झाली. तीनही वेळा मी वस्तरा धार लावायला पाठवला, तीनही वेळा तो लखलखीत होऊन आला, आणि तीनही वेळा आठवड्याभरात पुन्हा ओढायला लागला. तिसऱ्या खेपेला मात्र डोक्यात आलं, की धार लावणाऱ्याचं काम चोख आहे. ती धार रोज थोडी थोडी मीच मारतोय.

एकट्याने शिकण्यात अडचण ही, की आपला हात बघणारं कुणी नसतं. शेजारी जाणता माणूस असता तर दुसऱ्याच दिवशी मनगट धरून म्हणाला असता, "वस्तऱ्याची पाठ उचलू नकोस." आपल्यासमोर असतो फक्त आरसा. त्यात चेहरा दिसतो, म्हणून आपण सगळा दोष चेहऱ्यावरच्या हातात शोधत बसतो. दाढीआधी दोन मिनिटं पट्ट्यावर, म्हणजे वस्तरा परजायच्या चामडी-कापडी पट्ट्यावर, काय केलं, ते आरशात दिसतच नाही.

ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली आहे. झां-झाक पेरे नावाच्या पॅरिसमधल्या सुरीकाराने १७६९ मध्ये, लोकांनी आपली दाढी आपणच करायला शिकावं म्हणून एक पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबलचक नावातच स्वतःची दाढी करण्याच्या कलेबरोबर धारेचे दगड कसे ओळखावेत आणि वस्तऱ्यासाठी चामडं कसं तयार करावं, हेही नोंदवलेलं आहे. दाढी आणि धार ही एकाच शिक्षणाची दोन अंगं आहेत, असं त्या कारागिराने धरलं होतं. आज शिकणारे आपण पहिलं अंग घेतो आणि दुसरं जमेल तसं उरकतो.

तर आता मूळ प्रश्नाकडे. वस्तरा ओढतोय. दोष शोधायचा कुठून?

आधी एकच प्रश्न विचारा

ओढ चेहऱ्याच्या ठरावीक जागी लागते, की पात्याच्या ठरावीक जागी?

हा प्रश्न मला कुणीतरी पहिल्याच महिन्यात विचारायला हवा होता. तपासायची रीत सोपी आहे. गालाचा सपाट भाग घ्या, कानापासून जबड्यापर्यंतचा. तिथे केस साधारण एकाच दिशेने असतात आणि त्वचा ताणायला सोपी जाते. गालावरची एक पट्टी पात्याच्या टोकाकडच्या अर्ध्या भागाने काढा. तिच्या शेजारची पट्टी मुठीकडच्या अर्ध्या भागाने काढा. एक पट्टी लोण्यासारखी गेली आणि दुसरी ओढली, तर चेहरा निर्दोष आहे. पात्याचा तो भाग बोथट आहे. दोन्ही सारख्याच छान गेल्या आणि ओढ फक्त हनुवटीवर किंवा मानेवर लागत असेल, तर धारेला हात लावू नका. तिथे कोन, त्वचेचा ताण किंवा केसांची दिशा चुकतेय. आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच ओढल्या, तर आधी फेस बघा, मग सगळी धार.

एक फसवी अवस्था यात राहते: एक गाल छान, दुसरा गाल ओढतो. इथे आपण लगेच ठरवून टाकतो, की डावा हात अजून बसलेला नाही. असेलही. पण दोन गालांवर पात्याच्या दोन वेगवेगळ्या बाजू त्वचेला लागतात. धार एका अंगाला किंचित वाकली असेल, तर ती एका बाजूने कापते आणि दुसऱ्या बाजूने नुसती घसरते किंवा खेचते. म्हणून हाताच्या, म्हणजे कोपराखालच्या, ओल्या केसांवर दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवून बघा. फरक तिथेही जाणवला, तर बिचाऱ्या डाव्या हाताचा काही दोष नाही.

फेस आणि पाणी

हे पहिल्यांदा तपासा, कारण इथे फुकटात सुटका होते. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. तो पाणी प्यायला की फुगतो आणि मऊ पडतो, आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. तोंडावर पाण्याचा एक हबका मारून भागत नाही. अंघोळीनंतर दाढी केली की हे आपोआप साधतं.

फेसाबद्दल शिकाऊ माणसाचा गैरसमज असा, की जितका फुगीर तितका चांगला. फुगीर फेसात हवा जास्त आणि पाणी कमी असतं. वस्तऱ्याला हवा असतो दह्यासारखा ओलसर, चकाकणारा फेस. त्यात मोठे बुडबुडे नकोत. पात्यावर जमलेला फेस बघा: तो कोरडा गोळा होऊन चिकटला असेल तर ब्रश पाण्यात बुडवून पुन्हा फिरवा. वस्तऱ्याने दाढी करायला नवख्याला वेळ लागतो, आणि दुसऱ्या गालावर जाईपर्यंत तिथला फेस सुकलेला असतो. म्हणून सगळ्या चेहऱ्याला एकदम फासून ठेवू नका. जिथे काम चाललंय तिथलाच भाग परत ओला करा.

पाण्याचा संबंध धारेच्या आयुष्याशीही आहे. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही ब्लेड खराब का होतं, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापत पाहिलं. धार नुसती झिजत नाही. केस वाकून तिरका आला आणि नेमका पोलादाच्या कमजोर जागी टेकला, तर तिथे बारीक टवका उडतो. तो अभ्यास साध्या ब्लेडवरचा आहे. तरी मी माझ्यापुरता धडा घेतला, की मऊ न पडलेल्या खुंटांवरून वस्तरा रेटायचा नाही.

कोन

पात्याची पाठ त्वचेपासून किती उचलायची? अंदाजे ३० अंश. पण तोंडावर कोनमापक कोण धरणार! हाताशी असलेलं माप वापरा: पाठीची जी जाडी, तिच्या दीड-दोनपट अंतर. पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंच रुंदीच्या नेहमीच्या पात्याला हे माप बरोबर बसतं.

पाठ फार टेकवली की धार केसावरून घसरते आणि त्याला मुळाकडे खेचते, हीच ती ओढ. पाठ फार उचलली की केस कापला जातो, पण त्याबरोबर कातडीही खरवडली जाते. मग पाणी लावल्यावर जी झोंबते, ती आग. ओढ आणि आग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. "त्रास होतो" एवढंच म्हणून पाठ आणखी टेकवणारा माणूस गोंधळात खोल जातो.

कोन बिघडण्याची ठरलेली जागा म्हणजे जबड्याचा काठ. गालावरून खाली येताना कोन बरोबर असतो, मग हाड वळतं आणि आपला हात सरळच जात राहतो. तिथे वस्तरा वळवण्यापेक्षा त्वचा हलवा. मोकळ्या हाताच्या बोटांनी जबड्याखालची कातडी गालावर ओढून घ्या आणि सपाट गालावरच तिचं काम उरका. बोटं कोरडी हवीत, नाहीतर पकड सुटते. तुरटीचा खडा ओला करून बोटांवर फिरवला की पकड घट्ट बसते.

आवाज ऐका. कोन आणि धार दोन्ही जागेवर असतील तर पातळ पात्यातून एकसारखी बारीक करकर येते. ती मध्येच थांबली किंवा चिरकली, की हात तिथेच थांबवा. जोर लावून पुढे जाऊ नका. कापण्याचे बहुतेक प्रसंग त्या जोराच्या क्षणीच येतात.

पट्टा: माझा खरा गुन्हेगार

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो, ते.

पट्ट्यावर वस्तरा कसा फिरवायचा, हे मला तोंडपाठ होतं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पाठीवरच वळवायचा, म्हणजे धार वर उठून पलीकडे जाते आणि पाठ चामड्यावरून हलत नाही. मग पुन्हा पाठ पुढे ठेवून परत यायचं. आधी कापडी बाजूवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ४०-५०. हे सगळं मी करत होतो. निदान करतोय असं समजत होतो.

एके दिवशी मोबाईल एका डब्याला टेकवून पट्ट्याच्या पातळीत बाजूला ठेवला आणि सावकाश गतीत चित्रीकरण केलं. पहिल्या दहा फेऱ्या पाहतानाच पोटात गोळा आला. जाताना सगळं ठीक होतं. येताना मात्र वस्तरा पूर्ण थांबायच्या आधीच माझं मनगट वळायला सुरुवात करत होतं. पाठ चामड्यावरून दोन-तीन मिलिमीटर सुटत होती आणि त्या वेळी धार चामड्यावर दाबून मागे खेचली जात होती. डोळ्याला कधीच दिसलं नसतं, इतका छोटा क्षण. पण ५० फेऱ्यांत तो ५० वेळा येत होता, आणि तोही एकाच बाजूने.

चांगली धार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. वस्तऱ्याची जाड पाठ ही खरं तर कोन सांभाळणारी पट्टी आहे. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकली असताना जो कोन मिळतो, तोच धारेचा कोन, दगडावरही आणि पट्ट्यावरही. पाठ सुटली की तो कोन मोडतो आणि चामडं धारेचं टोक गोल करायला लागतं. धार लावून आल्यावर पहिल्या दोन दाढ्या छान आणि मग घसरण, याचा उलगडा तिथे झाला. मी परजत नव्हतो, बोथट करत होतो.

उपाय म्हणून मी तीन गोष्टी बदलल्या. टोकाला पोचलं की मनात "थांब" म्हणायचं, खरोखर थांबायचं आणि मगच वळवायचं. त्याने वेग निम्म्याहून कमी झाला आणि काही बिघडलं नाही. वेग हा सवयीचा परिणाम आहे, त्याच्या मागे लागू नये. दुसरं, मनगट वळवणं बंद केलं. वस्तऱ्याची दांडी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून नुसती बोटांत गुंडाळायची, पेन्सिल फिरवतो तशी. तिसरं, दोन आठवडे सराव बोथट लोणी-सुरीवर केला. तिची पाठ पट्ट्यावरून सुटली की आवाज बदलतो, आणि चुकलं तरी पट्टा चिरत नाही.

पट्ट्याचा ताणही बघा. सैल पट्टा मध्ये झोळीसारखा खाली जातो आणि धारेला गुंडाळून बसतो. घट्ट धरा, पण हात थरथरेल इतका नको. वस्तऱ्याचं वजन पुरेसं असतं, वरून दाब देऊ नका. पट्टा सपाट टेबलावर ठेवून सुरुवात केली तर ताणाचा प्रश्नच मिटतो, आणि नवख्याने तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. लटकता पट्टा नंतर शिकता येतो.

गालावरच्या पट्टी-परीक्षेत पात्याचा फक्त टोकाकडचा भाग बोथट निघाला होता का? मग पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असण्याची शक्यता मोठी. पातं साधारण तीन इंच असतं, पट्टे दोन इंचांचेही मिळतात. सरळ ओढलं तर एक भाग चामड्याला लागतच नाही. अशा वेळी वस्तरा तिरका सरकवत न्या: मुठीकडून सुरू करून फेरी संपेपर्यंत टोक चामड्यावर यायला हवं.

दिव्याखालची तपासणी

धार बघायला महागडं काही लागत नाही. एक दिवा डोक्याच्या मागे-वर ठेवा, धार डोळ्यांसमोर सरळ धरा, जणू त्या रेषेतून पलीकडे बघताय. वस्तरा किंचित इकडेतिकडे कलवा. चांगली धार दिसत नाही. तिथे प्रकाश परतवायला पृष्ठभागच उरलेला नसतो. जिथे पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ चमकते, तिथे धार चपटी झाली आहे, वाकली आहे किंवा टवका गेला आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निम्म्या पात्यावर केसासारखी चमकती रेघ होती. साधं १० पटींचं भिंग असेल तर आणखी स्पष्ट दिसतं.

अंगठ्याच्या नखावरून धार फिरवून बघण्याची सवय असेल तर सोडा. दाढीयोग्य धार त्याने बिघडते.

पात्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले, तर पट्टा आणि हात दोघांनाही सोडा. कार्बन पोलादाला गंज लागतो आणि पहिला घास तो धारेचाच घेतो, कारण पातळ भाग तोच. डोळ्याला दिसायच्या आधीच वस्तरा खरखरायला लागतो. दाढी झाल्यावर पातं पाठीकडून धारेकडे हलकेच पुसा, उलट कधीच नाही. मुठीच्या फटीतलंही पाणी टिपा आणि थोडा वेळ उघडाच राहू द्या, पण न्हाणीघराच्या वाफेत नको. चार दिवस वापरणार नसाल तर तेलाचं एक बोट फिरवा. घरात लहान मुलं असतील तर उघडा वस्तरा सुकवण्याची जागा त्यांच्या हाताला न लागणारीच हवी, यात तडजोड नाही.

अर्ध्या ब्लेडची साक्ष

एवढं करूनही ठरत नसेल, तर एक निवाडा करणारी परीक्षा आहे. ब्लेड बदलता येणारा वस्तरा घ्या, त्यात नव्या ब्लेडचा अर्धा भाग बसवा आणि त्याच गालावर, त्याच फेसात, त्याच हाताने चालवा. ही धार कारखान्यातून जशी आली तशी आहे, पट्ट्याने तिला स्पर्श केलेला नाही. तीही ओढली, तर दोष तुमच्या फेसात किंवा कोनात आहे. ती गुपचूप गेली, तर खऱ्या वस्तऱ्याच्या धारेतच खोट आहे. सावध राहा मात्र: हे पातं हलकं आणि जास्त चावरं असतं, दाब अजिबात सहन करत नाही. फक्त गालावरच करा.

हीच परीक्षा नव्या वस्तऱ्यालाही लावा. बरेच नवे वस्तरे दाढीयोग्य धार लावून येत नाहीत. नवख्याला चांगली धार कशी असते हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तो महिनाभर स्वतःला दोष देत राहतो. माझी कळकळीची विनंती आहे, की पहिला वस्तरा जाणत्या माणसाकडून धार लावून घेतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. चांगल्या धारेची आठवण हाताला एकदा मिळाली, की पुढे बिघडलेलं लगेच कळतं.

मग दगड कधी?

धार नुसती मरगळली असेल, चमकती रेघ फिकट असेल, तर दगडापर्यंत जायची गरज नसते. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड किंवा लेप लावलेल्या वेगळ्या पट्टीवर दहा-बारा फेऱ्या, आणि मग साधा पट्टा. हा लेप रोजच्या पट्ट्यावर लावू नका, कारण नंतर तो निघत नाही. टवका दिसत असेल किंवा लेपानेही ओढ गेली नसेल, तर दगड. त्यात कोन बसवायला १००० नंबरचा, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० असा क्रम; नंबर मोठा तितका दगड बारीक. दगडावर वस्तरा पट्ट्याच्या उलट चालतो, धार पुढे आणि पाठ मागे. पण दगड आणि पट्टा एकाच महिन्यात शिकायला घेऊ नका. दोन्हीत चुकत असाल तर कशाने काय बिघडलं हे कधीच कळणार नाही.

मानेबद्दल

वरचं सगळं जुळलं तरी एक जागा ओढत राहते: जबड्याखालची मान. इथे केस आडवे पडलेले असतात, कधी भोवऱ्यासारखे फिरतात. एक दिवसाचे खुंट असताना कोरडा तळवा चारही बाजूंनी फिरवून बघा. ज्या दिशेला हात गुळगुळीत जातो, ती केसांची दिशा. माझ्या मानेच्या डाव्या बाजूला ती जवळजवळ आडवी, कानाकडे निघाली, आणि मी वर्षभर सरळ खाली ओढत होतो. सुरुवातीला तिथे फक्त सुलटा हात मारा. उलटा हात मारून गुळगुळीतपणाचा पाठलाग केला की लाल पुरळ येतं आणि केस कातडीत वळून आत वाढतात. फोड, तीळ, चामखीळ असेल तिथे वळसा घ्या. कापलंच तर स्वच्छ कापड दाबून धरा, मग तुरटी. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असणाऱ्यांनी हा वस्तरा हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

मनगट बदलल्यानंतर माझा वस्तरा चौथ्यांदा धार लावून आला. त्यानंतर सलग पाच महिने तो नुसत्या पट्ट्यावर चालला, आणि दिव्याखाली अजून तरी रेघ दिसलेली नाही. मोबाईल मात्र दर पंधरा दिवसांनी त्या डब्याला टेकवून ठेवतो आणि दहा फेऱ्या बघून घेतो. गेल्या खेपेला सातव्या फेरीला पाठ पुन्हा किंचित उचललेली दिसली.